टोपीच्या डाव्या बाजूला: जर्मन नौसैनिकांच्या प्रादेशिक बिल्ल्यांची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौसैनिकांचे फोटो पाहताना नजर आधी टोपीवर जाते. बोटीवर वापरायची गडद निळी घडीची टोपी, समोर गरुड, त्याखाली काळा-पांढरा-लाल गोल कोकार्ड, म्हणजे रंगांचा गोल बिल्ला. इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे. पण डाव्या कानाच्या वर, कापडात अडकवलेला पत्र्याचा एक लहानसा तुकडा दिसतो. कधी त्यावर बैल असतो, कधी मासा, कधी सैतान, कधी शहराची ढाल, कधी फूल. गणवेशाच्या नियमांत या तुकड्याचा उल्लेख नाही. त्याची नोंद नाही, प्रमाणपत्र नाही, मिळाल्याची तारीख सैनिकाच्या पुस्तिकेत लिहिलेली नाही.

अशा अनधिकृत बिल्ल्यांपैकी शहर, प्रांत किंवा युद्धक्षेत्र दाखवणारे जे आहेत, त्यांना संग्राहक ‘प्रादेशिक’ म्हणतात. ओळखायला हेच सर्वांत अवघड, आणि नेमके यांच्याबद्दलच सर्वांत ठामपणे बोलले जाते. ढालीवरचा सिंह ओळखला की शहर सापडले, शहर सापडले की पाणबुडी सापडली, पाणबुडी सापडली की टोपीची किंमत ठरली, अशी ही साखळी चालते. ती साखळी पहिल्याच कडीला का तुटते, हे समजायला जर्मन टोपीचा थोडा मागचा इतिहास बघावा लागतो.

जर्मन साम्राज्य हे राज्यांचा संघ होते आणि लष्करी टोपीवर ते उघड दिसत असे. १८९७ पासून लष्करातल्या शिपायाच्या टोपीवर दोन कोकार्ड असत, एक साम्राज्याचे आणि दुसरे त्याच्या स्वतःच्या राज्याचे. बव्हेरियाचा शिपाई पांढऱ्या-निळ्या रंगावरून ओळखू येई, सॅक्सनीचा पांढऱ्या-हिरव्यावरून, व्युर्टेम्बर्गचा काळ्या-लालवरून. नौदल मात्र कुठल्याच राज्याचे नव्हते, ते थेट साम्राज्याचे होते. त्यामुळे खलाशाच्या टोपीवर एकच कोकार्ड, साम्राज्याचे. बव्हेरियाच्या डोंगरातून आलेला पोरगा असो की बाल्टिक किनाऱ्यावरचा कोळी, टोपीवरून दोघे सारखेच. अधिकृत टोपीवर प्रदेशाला जागा नसणे हा जर्मन नौदलाचा जन्मापासूनचा नियम आहे. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे जे घडले ते सगळे या रिकाम्या जागेभोवती घडले.

प्रदेश आला तो जहाजाच्या नावातून. मोठ्या युद्धनौकांना राज्यांची आणि प्रांतांची नावे देत, हलक्या क्रूझरना शहरांची. नौसैनिकाच्या गोल टोपीभोवती काळी फीत असे आणि तिच्यावर जहाजाचे नाव विणलेले असे. म्हणजे ‘कार्ल्सरूह’ हे नाव कपाळावर मिरवणारा खलाशी त्या शहराचा असण्याची गरज नव्हती, पण त्या शहराशी त्याचे नाते जुळे. नावाचे शहर जहाजाला भेटी पाठवी, चांदीची भांडी देई. ‘एमडन’चे उदाहरण आपल्याकडेही माहीत आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफगोळे टाकणारी ती हीच क्रूझर. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ती संपली, आणि पुढे तिच्यावरच्या वाचलेल्या खलाशांना आपल्या आडनावाला ‘एमडन’ जोडायची परवानगी मिळाली. एका शहराचे नाव आधी जहाजाला गेले, तिथून फितीवर आले आणि शेवटी माणसाच्या आडनावात शिरले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लष्करात प्रादेशिक आणि रेजिमेंटच्या परंपरेच्या खुणा काही प्रमाणात टिकल्या. ब्राउनश्वाइगच्या पायदळ रेजिमेंटची कवटी किंवा श्वेटच्या ड्रॅगून घोडेस्वारांचा गरुड टोपीवर अधिकृतपणे लावला जाई. नौदलात तसे काही नव्हते. नाझी सत्ता आल्यावर तर राज्यांनाच कात्री लागली. १९३३ मध्ये लष्करी शिरस्त्राणांवरच्या राज्यांच्या रंगांच्या ढाली गेल्या आणि ३० जानेवारी १९३४ च्या कायद्याने राज्यांचे सार्वभौम अधिकारच संपले. सगळीकडे एकच गरुड, एकच चिन्ह.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि गोपनीयतेसाठी खलाशाच्या फितीवरचे जहाजाचे नावही काढले गेले. त्या जागी सर्वांना एकच सोनेरी शब्द मिळाला, ‘क्रीग्समारीने’, म्हणजे नौदल. पाणबुड्यांच्या मनोऱ्यावर शांततेच्या काळात मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलेले क्रमांकही पुसले गेले. एका फटक्यात माणूसही निनावी झाला आणि बोटही. अनधिकृत बिल्ल्यांचा खरा जन्म इथे आहे. हे बिल्ले म्हणजे हौस किंवा तरुणांची मस्ती असे अनेक लेखांत वाचायला मिळते. मला ते अपुरे वाटते. ज्या महिन्यांत अधिकृत ओळख काढून घेतली गेली, त्याच हिवाळ्यात अनधिकृत ओळख उगवली, हा योगायोग नव्हे.

सुरुवात मनोऱ्यावरच्या चित्रांपासून झाली. १४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे स्कापा फ्लोच्या बंदरात शिरून यू-४७ या जर्मन पाणबुडीने ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. ८३० हून अधिक माणसे मेली. परतीच्या वाटेवर खलाशांनी मनोऱ्यावर फुरफुरणारा बैल रंगवला. १९४१ मध्ये ती बोट बेपत्ता झाल्यावर हाच बैल सातव्या फ्लोटिलाचे, म्हणजे पाणबुड्यांच्या ताफ्याचे, चिन्ह झाला आणि तिच्या अनेक बोटींवर, मग टोप्यांवर पसरला. यू-९६ वरचा हसरा करवत-मासा असाच तिचा कमांडर नवव्या फ्लोटिलाचा प्रमुख झाल्यावर पूर्ण फ्लोटिलाचा झाला. यू-५७ वरचा लाल सैतान कमांडरबरोबर यू-५५२ वर गेला. यू-९९ ची सोन्याची नाल नांगराला अडकून वर आलेल्या नालेवरून सुचली. चित्र आधी लोखंडावर, मग पत्र्यावर, मग टोपीवर. बोटीच्या किंवा गोदीच्या कारागिराने पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा कापायचा, कानशीने घासायचा, मागे टाचणी झाळायची, की झाला बिल्ला. ज्या बोटींचे नाव झाले त्यांचे बिल्ले पुढे बाहेरच्या कारागिरांकडून साच्यात काढून आणले गेले.

शहरांच्या ढाली या प्रवाहात एका वेगळ्या वाटेने आल्या. जर्मनमध्ये तिला ‘पाटेनशाफ्ट’ म्हणतात. एखादे शहर एखादी बोट दत्तक घेई. खलाशांना शहरात बोलावले जाई, सुट्टीत पाहुणचार होई, पुस्तके, वाद्ये, खाऊ पाठवला जाई. बदल्यात बोट शहराचे मानचिन्ह मनोऱ्यावर लावी आणि खलाशी ते टोपीवर. यू-१५६ ला सॅक्सनीतल्या प्लाउएनची ढाल मिळाली, कारण तिचा कमांडर मूळचा तिथला. यू-२०१ चे नाते रेमशाइडशी होते. पहिल्यात कमांडरच्या जन्मगावाचा धागा आहे. पण जन्मगाव हेच कारण नेहमी असे, असे मानायला आधार नाही. शहराला नाव हवे असे, स्थानिक नाझी पक्षाला प्रचार हवा असे, बोट त्याच शहराच्या गोदीत बांधलेली असे. ब्रेमेन, हॅम्बुर्ग, कील, एमडन, डान्झिग या बंदरांत पाणबुड्या बांधल्या जात होत्या, आणि त्या शहरांच्या ढाली टोपीवर दिसल्या की ती दत्तक-शहराची आहे, बांधणी-शहराची आहे, की त्या खलाशाच्या आईवडिलांच्या घराची आहे, हे ढाल स्वतः सांगत नाही.

त्यात जर्मन मानचिन्हांत प्राणी थोडे आणि शहरे फार. राइन नदीच्या पूर्वेकडच्या जुन्या बर्ग संस्थानाचा लाल सिंह घ्या. ड्युसेलडॉर्फच्या ढालीवर तो जहाजाचा नांगर धरून उभा आहे, रेमशाइडच्या ढालीवर कोयता घेऊन, वुपरटालच्या ढालीवर सुताच्या लडीबरोबर. रंगीत ढालीवर फरक सहज कळतो. पण दोन सेंटिमीटरच्या पितळी तुकड्यावर, कानशीने काढलेल्या, ऐंशी वर्षे घासलेल्या आकृतीत पंजात कोयता आहे की नांगराचा हूक आहे, हे भिंगातूनही सांगता येत नाही. आणि सिंह शहराचाच असेल असे तरी कुठे आहे? यू-५०५ चा पहिला कमांडर लोव्हे आडनावाचा होता. लोव्हे म्हणजे सिंह. त्याच्या बोटीने कुऱ्हाड धरलेला सिंह लावला, त्यामागे आडनावाखेरीज दुसरे कारण नव्हते. पुढच्या कमांडरच्या काळात त्याच बोटीवर ऑलिंपिकची पाच वर्तुळे आली, कारण तो १९३६ मध्ये भरती झालेल्या अधिकाऱ्यांच्या तुकडीचा होता आणि त्या तुकडीने ऑलिंपिकच्या वर्षाची खूण घेतली होती. त्या स्पर्धेतल्या शिडाच्या बोटींच्या शर्यती कीलला झाल्या होत्या, म्हणून पाच वर्तुळांचा बिल्ला ‘कीलचा’ म्हणून विकला गेल्याचेही मी पाहिले आहे. तिसऱ्या कमांडरच्या वेळी शिंपला आला. एकाच बोटीच्या तीन टोप्यांवर तीन वेगवेगळे बिल्ले, आणि तिघेही खरे.

बैलाचेही तेच. मेक्लेनबर्गच्या मानचिन्हात मुकुट घातलेले बैलाचे तोंड समोरून दिसते, सातव्या फ्लोटिलाचा बैल संपूर्ण देहाचा, धडक मारायच्या पवित्र्यात. झिजलेल्या पत्र्यावर फक्त डोके उरले असेल तर प्रांताचे आणि फ्लोटिलाचे दावे एकमेकांत गुंततात. त्यात यू-६९ वरची हसरी गाय आहे. सातव्या फ्लोटिलाच्या बोटींनी बैल लावायचा ठरल्यावर गोदीतल्या रंगाऱ्याला बैलाचे चित्र कुणी दिलेच नाही, आणि त्याने फ्रेंच चीजच्या डबीवरची गाय उतरवून काढली, अशी गोष्ट सांगतात. ती गाय खलाशांना इतकी आवडली की राहिली. फ्रान्समधल्या चीजच्या डबीवरून उचललेले चित्र ‘प्रादेशिक’ म्हणायचे का? काही जण म्हणतात. माझ्या मते नाही.

या सगळ्या गोंधळात सर्वांत जास्त वाद घातला गेला आहे तो एका फुलावरून, आणि तो वाद सविस्तर सांगण्यासारखा आहे.

एडलवाइस हे आल्प्सच्या उंच कड्यांवरचे पांढरे फूल. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १९०७ मध्ये ते आपल्या डोंगरी पलटणींना दिले. पहिल्या महायुद्धात टिरोलमध्ये ऑस्ट्रियाच्या मदतीला गेलेल्या जर्मन आल्पाइन कोअरला ते १९१५ मध्ये मानाने मिळाले. मे १९३९ मध्ये जर्मन लष्कराने डोंगरी सैन्यासाठी ते अधिकृत केले: उजव्या बाहीवर कापडी, चोचीच्या डोंगरी टोपीच्या डाव्या बाजूला धातूचे, देठ आणि पानांसकट. म्हणजे हे फूल पूर्णपणे दक्षिणेचे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांबचे. तरी नौसैनिकांच्या निळ्या टोप्यांवर ते दिसते.

सर्वमान्य उत्तर यू-१२४ हे आहे, आणि त्यामागची कथा पक्की आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. नार्विकच्या मोहिमेत यू-६४ हेर्यांग्स फियॉर्डमध्ये नांगर टाकून उभी असताना १३ एप्रिलला ‘वॉरस्पाइट’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून उडालेल्या विमानाने तिला बुडवले. आठ जण मेले, ३८ वाचले. बर्फासारख्या पाण्यातून त्यांना किनाऱ्यावरच्या जर्मन डोंगरी सैनिकांनी काढले. दोन महिन्यांनी, ११ जून १९४० ला, त्याच कमांडरने यू-१२४ ही नवी बोट हाती घेतली, यू-६४ वरचे बरेच खलाशी तिच्यावर आले, आणि वाचवणाऱ्यांची आठवण म्हणून त्यांनी एडलवाइस घेतले. मनोऱ्यावर भलेमोठे फूल, टोप्यांवर लहान. पुढे कमांडर बदलला तरी फूल राहिले. तिला एडलवाइस-बोट म्हणत.

इथून पुढे वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो: निळ्या टोपीवर एडलवाइस म्हणजे यू-१२४, विषय संपला. नौदलात दुसऱ्या कुणाला ते लावायचे कारणच नव्हते. दुसरा पक्ष त्याच नार्विककडे बोट दाखवतो. १० आणि १३ एप्रिलच्या लढायांत तिथे जर्मनीच्या दहाच्या दहा विनाशिका बुडाल्या. वाचलेले सुमारे अडीच हजार खलाशी किनाऱ्यावर अडकले. नॉर्वेच्या लष्करी कोठारात सापडलेल्या बंदुका आणि कपडे घेऊन ते डोंगरी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून जूनपर्यंत बर्फात लढले. ज्यांच्याबरोबर लढले ते तिसऱ्या डोंगरी डिव्हिजनचे लोक होते, आणि ही डिव्हिजन १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तिथल्याच पलटणींतून उभी केली होती. तिच्यात कारिंथिया, स्टायरियाची माणसे. दोन महिने एकाच खंदकात काढल्यावर फूल एका टोपीवरून दुसऱ्या टोपीवर जाणे अगदी स्वाभाविक आहे. १९ ऑगस्ट १९४० ला या लढाईसाठी नार्विक ढाल नावाचे अधिकृत चिन्ह निघाले, भूदल आणि हवाईदलाला चंदेरी, नौदलाला सोनेरी. त्यामुळे डाव्या बाहीवर सोनेरी ढाल आणि टोपीवर एडलवाइस असा फोटो मिळाला, तर तो माणूस विनाशिकेवरचा असू शकतो. पाणबुडीत त्याने पाऊलही ठेवलेले नसेल.

तिसरी शक्यता साधी आहे, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. १९३८ नंतर ऑस्ट्रियाची पोरे जर्मन नौदलात होती, बव्हेरियाची तर आधीपासून होती. भाऊ डोंगरी पलटणीत, आपण नौदलात, आणि सुट्टीवरून येताना भावाच्या टोपीवरचे फूल घेऊन यायचे, याला कुणाची परवानगी लागत नव्हती. चौथी शक्यता म्हणजे ते फूल टोपीवर १९४५ नंतर लागले. आल्प्समध्ये फिरायला जाणाऱ्या माणसाला आजही दुकानात एडलवाइसचा बिल्ला मिळतो, जर्मनीच्या आजच्या डोंगरी सैन्याच्या टोपीवरही एडलवाइस आहे.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला अधिक पटते, आणि त्याचे कारण संख्येत आहे. यू-१२४ वर एका वेळी पन्नासेक माणसे असत. बदल्या धरल्या तरी तिचे फूल लावलेल्या टोप्या शे-दोनशेच्या फार पुढे जात नाहीत. २ एप्रिल १९४३ ला पोर्तुगालच्या पश्चिमेला ती बुडाली तेव्हा तिच्यावरचे ५३ च्या ५३ लोक गेले, आणि त्यांच्या टोप्या त्यांच्याबरोबर गेल्या. उरल्या त्या आधी बदली होऊन गेलेल्यांच्या, किंवा घरी ठेवलेल्या. एवढ्या तुटपुंज्या साठ्यातून बाजारात दिसणाऱ्या सगळ्या ‘एडलवाइस-बोटीच्या टोप्या’ येणे शक्य नाही. तरी चिठ्ठीवर यू-१२४ लिहिले जाते, कारण विनाशिकेवरच्या निनावी खलाशाच्या टोपीला ती किंमत येत नाही.

त्या बोटीचे नाव घेताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. फुलाच्या गोडव्यात ती हरवते. या बोटीने ४६ व्यापारी जहाजे आणि दोन युद्धनौका बुडवल्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये तिने बुडवलेल्या ‘डुनेडिन’ या ब्रिटिश क्रूझरवरची ४०० हून अधिक माणसे मेली, त्यांतली बरीच तराफ्यांवर, मदतीची वाट पाहत. बिल्ल्यांच्या पुस्तकात फूल मोठ्या आकारात छापतात आणि हे एका ओळीत. ज्याला हे चिन्ह ओळखायचे आहे त्याने दोन्ही ओळखावे, असे मला मनापासून वाटते.

युद्धाच्या शेवटी ‘प्रदेश’ या शब्दाचा अर्थच बदलला. आतापर्यंत प्रदेश म्हणजे घर होते. १९४४ च्या उन्हाळ्यानंतर प्रदेश म्हणजे वेढा. फ्रान्सच्या किनाऱ्यावरची बंदरे एकेक करून वेढली गेली, आणि त्यांत अडकलेले खलाशी, तोफखान्याचे नौसैनिक, बोटी गेलेले पाणबुडीवाले जमिनीवरचे शिपाई झाले. डंकर्कला सप्टेंबर १९४४ मध्ये वेढा पडला आणि तो ९ मे १९४५ पर्यंत चालला. तिथला सेनापती नौदलाचा व्हाइस-ॲडमिरल होता. त्याच्या काळात तिथे एक लहान ढाल तयार झाली, तिच्यावर बंदराचा जुना मनोरा, ‘डंकर्क’ हे नाव आणि १९४४ हे साल. ती टोपीच्या डाव्या बाजूला लावायची होती. पाणबुडीवाल्यांनी पाच वर्षे आपखुशीने वापरलेली तीच जागा आता एका सेनापतीने ठरवून वापरली. लोरियाँच्या वेढ्यातूनही अशीच एक ढाल आली, माशांच्या डब्यांच्या कारखान्यातल्या पत्र्यातून काढलेली, असे सांगतात. तिच्या खरेपणाबद्दल आजही एकमत नाही.

या ढालींना अनधिकृत म्हणायचे का? बर्लिनने त्या मंजूर केल्या नव्हत्या, म्हणून अनधिकृत. पण वेढ्यातल्या सर्वोच्च अधिकाऱ्याने दिल्या, म्हणजे शिस्तीत दिल्या. पाणबुडीवरचे फूल कुणीच दिले नव्हते, ते सहन केले गेले होते. हा फरक पुसून सगळे एका डब्यात टाकले की ओळखण्याचे काम बिघडते. डंकर्कच्या ढालीसाठी आदेशाचा कागद शोधायचा असतो, एडलवाइससाठी फोटो. जे कधी लिहिलेच गेले नाही त्याचा कागद मागणे व्यर्थ, आणि ज्याचा कागद असायला हवा तिथे कहाणीवर भागवणे धोक्याचे. अधिकृत आणि अनधिकृत यांची चित्रेही कधी एकच असतात. नोव्हेंबर १९४४ च्या शेवटी छोट्या लढाऊ बोटी आणि मानवी टॉर्पेडो चालवणाऱ्यांसाठी सात दर्जांचे अधिकृत चिन्ह निघाले, आणि त्यावरही करवत-मासाच होता. नवव्या फ्लोटिलाचा हसरा मासा टोपीवर, हा नवा मासा बाहीवर. पण तुटलेल्या, सुट्ट्या धातूच्या माशाला घेऊन दोन्हीकडचे दावे केले जातात.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९५७ मध्ये सन्मानचिन्हांचा कायदा केला. स्वस्तिक काढून जुनी अधिकृत चिन्हे लावायची मुभा दिली, त्यात नार्विक ढाल आली. डंकर्क आणि लोरियाँच्या ढाली त्यात आल्या नाहीत आणि टोप्यांवरच्या प्राण्या-फुलांचा तर प्रश्नच नव्हता. याचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. स्वस्तिक असलेल्या वस्तूंवर जर्मन कायद्याचे बंधन आहे, या बिल्ल्यांवर स्वस्तिक नाही, म्हणून ते मोकळेपणाने बनतात आणि विकले जातात. अधिकृत पदकांवर कारखान्याचे क्रमांक असतात, धातूची जात ठरलेली असते, साच्याच्या खुणा माहीत असतात. इथे तसले काहीच नाही. खलाशाने ओबडधोबड बनवलेली वस्तू खरी असू शकते आणि नीटस वस्तूही खरी असू शकते. नक्कल करणाऱ्याला याहून सोपे काम नाही.

म्हणून बिल्ल्यापेक्षा टोपी बघावी, असे जुने जाणकार सांगतात, आणि ते योग्यच आहे. बिल्ला वर्षानुवर्षे एका जागी असेल तर त्याच्याखालचे कापड कमी विटलेले राहते आणि त्याचा आकार कापडावर उमटतो. लोखंडी टाचणी किंवा वळवलेले काटे आतल्या अस्तरावर गंज सोडतात. भोके जुनी असतील तर त्यांच्या कडा घट्ट झालेल्या असतात, नव्या भोकांतून धागे सुटे दिसतात. शिवून लावलेला बिल्ला असेल तर धाग्यावर अतिनील दिवा धरावा. युद्धानंतरच्या धाग्यांत आणि साबणांत आलेली चमक आणणारी रसायने निळसर-पांढरी उजळतात. अर्थात खरी टोपी कुणी पुढे धुतली असेल तरी ती उजळेल, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नये. सर्वांत जास्त फसवणूक होते ती खऱ्या टोपीला नंतर बिल्ला लावून. टोपीवर घेतलेल्या सगळ्या कसोट्या तिथे उत्तीर्ण होतात, फक्त डावी बाजू सोडून.

शेवटचा आधार फोटोचा. त्यातही नुसता फोटो नव्हे, तर ज्यात माणूस ओळखता येतो आणि तो त्या दिवशी कुठल्या बोटीवर होता हे दुसऱ्या नोंदीवरून ठरते असा. पाणबुड्यांच्या खलाशांच्या याद्या, बदल्यांच्या तारखा, मनोऱ्यावरच्या चित्रांचे फोटो यांचा मोठा साठा जर्मनीत गोळा झाला आहे, त्यातला बराच माजी खलाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दिलेला. त्यातून एखाद्या शहराची ढाल एखाद्या बोटीशी पक्की जुळते, जशी प्लाउएनची यू-१५६ शी. विनाशिका, सुरुंग काढणाऱ्या बोटी आणि पहाऱ्यावर पाठवलेले मासेमारीचे ट्रॉलर यांच्या बाबतीत अशी छाननी खूप कमी झाली आहे. पाणबुड्यांना प्रसिद्धी होती, छायाचित्रकार धक्क्यावर उभे असत. ट्रॉलरवरच्या खलाशाचा फोटो त्याच्या घरच्या अल्बममध्येच राहिला. त्यामुळे आज ज्या ढाली ‘अज्ञात पाणबुडी’ या नावाखाली ठेवल्या आहेत, त्यांतल्या अनेक कधी पाणबुडीच्या नसतीलच, असे मला वाटते. त्यांची उत्तरे ब्रेमरहाफेन, कुक्सहाफेनसारख्या कोळी बंदरांतल्या घरगुती अल्बममध्ये शोधायला हवीत.